पातेल्याचा पापुद्रा आणि सायलेन्सरची जाळी

जुळे सोलापूरच्या रस्त्यांवर संध्याकाळी फटफट आवाज करत गाड्या पळवणारी पोरं आपण पाहतोच. कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा बसवला की गाडीला रुबाब येतो, असं त्यांना वाटतं. आवाजाचा त्रास आहेच. पण त्या सायलेन्सरबरोबर आणखी काय निघून जातं, ते आज पाहू. सुरुवात स्वयंपाकघरातून करू.

ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा पापुद्रा आपोआप धरतो. जाडी जेमतेम दोन-चार नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढासा पापुद्रा आतला धातू सांभाळतो. घासला तरी पुन्हा धरतो. मात्र आंबटात तो विरघळतो. म्हणून चिंचेची खट्टी दाल अशा पातेल्यात रात्रभर ठेवू नये.

हाच पापुद्रा गाडीतही कामाला येतो. पेट्रोल अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातली ऑक्सिजनची जागा तो बळकावतो. त्याला आवरण्यासाठी धुराच्या नळीत धातूच्या पातळ पत्र्याची जाळी असते. पत्र्यात थोडं ॲल्युमिनियम असतं. तापवल्यावर वर ऑक्साइडचा पापुद्रा येतो आणि प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमच्या कणांचा लेप त्याला घट्ट धरून राहतो. या कणांवर विषारी वायू ऑक्सिजनशी जुळून कार्बन डायऑक्साइड होतो. कण स्वतः खर्ची पडत नाहीत. म्हणून त्यांना उत्प्रेरक म्हणतात.

ही क्रिया उलगडून दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड एर्टल यांना 2007 चं नोबेल मिळालं. अडचण एकच: प्लॅटिनम थंड असताना हा वायू त्यावर इतकी गर्दी करतो की ऑक्सिजनला जागाच उरत नाही. पुढे बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेत प्लॅटिनमवर लोह-ऑक्साइडचा अणूभर जाडीचा थर चढवून पाहिला, तर तुलनेने कमी तापमानातही क्रिया कित्येक पट वेगाने झाली. थर आपल्याजवळचा ऑक्सिजन वायूला देतो आणि भोवतालचा ऑक्सिजन घेऊन झीज भरून काढतो. खालच्या धातूची साथ असते, म्हणूनच त्याला हे जमतं.

गाड्यांच्या जाळीला मात्र आजही तापायला वेळ लागतो. म्हणून जिन्याखाली किंवा बंद पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवू नये. आणि घरातल्या मुलांना एवढं जरूर सांगावं, की सायलेन्सर बदलला तर अनेकदा ही जाळीही जाते. मग तो धूर आपल्याच गल्लीतल्या लेकरांच्या छातीत जातो.