नवा अ‍ॅम्प घेण्याआधी एवढं तपासा

बेस गिटार शिकायला लागलेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना एक विनंती आहे. आवाज बारीक येतो, फाटतो किंवा घूं करतो म्हणून लगेच नवा अ‍ॅम्प घ्यायला धावू नका. आपला बेस कोणत्या जातीचा आहे आणि तो कुठे जोडलाय, हे आधी पाहा. पुष्कळदा दुखणं तिथेच सापडतं.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार थरथरली की या वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते. तीच केबलमधून अ‍ॅम्पकडे जाते. मानेजवळचा पिकअप गोल, भरीव आवाज देतो. ब्रिजजवळचा टोकदार आणि स्पष्ट. पिकअप स्क्रूने वर-खाली करता येतो, पण तारेच्या फार जवळ नेऊ नका. चुंबक तार ओढू लागला की सूर डगमगतो.

लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला. १९५७ पासून त्याचा पिकअप दोन तुकड्यांचा आहे. दोन्ही तुकड्यांची रचना परस्परांच्या उलट असल्यामुळे बाहेरून शिरणारी घूं तिथेच कटते. १९६० च्या जॅझ बेसमध्ये दोन सिंगल कॉइल पिकअप असतात. दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की घूं जाते, एकच उघडला की परत येते. तो बिघाड नाही, त्या रचनेचा स्वभाव आहे. त्यासाठी दुरुस्तीवाल्याला पैसे देऊ नका.

आता बॅटरीचं. बेसला ९ व्होल्टची बॅटरी लागत असेल तर तो अ‍ॅक्टिव्ह. आत छोटा प्रीअ‍ॅम्प असतो आणि त्याचा सिग्नल बहुधा जोरकस असतो. बॅटरी नसेल तर पॅसिव्ह. अ‍ॅक्टिव्ह बेसचा आवाज एकाएकी फाटू किंवा विझू लागला, तर सगळ्यात आधी बॅटरी बदला. बहुतेक बेसमध्ये जॅक खोचला की बॅटरी सुरू होते, म्हणून वाजवून झालं की केबल काढून ठेवा.

अ‍ॅम्पवर ‘पॅसिव्ह’ आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ अशी दोन इनपुट दिसली तर घाबरू नका. अ‍ॅक्टिव्ह इनपुट सिग्नल थोडा दाबतं, साधारण १० ते १५ डेसिबलने. काही अ‍ॅम्पवर हेच काम एक बटण करतं. आवाज कमी ठेवून चुकीच्या इनपुटमध्ये जोडलं तरी काही जळत नाही. पॅसिव्ह बेस बारीक वाजेल किंवा अ‍ॅक्टिव्ह बेस फाटेल, एवढंच. नावापेक्षा कानावर विश्वास ठेवा. आधी पॅसिव्हमध्ये जोडा. मास्टर शून्यावर ठेवून, जोरात वाजवत गेन वाढवा. क्लिपचा दिवा लुकलुकला की गेन जरा मागे घ्या, मग मास्टर उघडा. गेन अगदी कमी ठेवूनही आवाज फाटत असेल, तरच दुसरं इनपुट घ्या.

मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये पॅसिव्ह बेस थेट जोडला तर आवाज मळकट येतो. मध्ये बेसचा सिग्नल मिक्सरशी जुळवून देणारा डीआय बॉक्स हवा. साध्या गिटारच्या अ‍ॅम्पवर बेस मोठ्याने वाजवू नका. बेसची जाड ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते, आणि त्या स्पीकरचा कागद तेवढी हालचाल सोसत नाही. अ‍ॅम्पहेडपासून स्पीकरपर्यंत स्पीकरचीच केबल वापरा, गिटारची नव्हे.

इनपुट चुकलं तर चालतं. अर्थिंग चुकलेलं मात्र चालत नाही. बेसच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. घूं जावी म्हणून कुणी थ्री-पिन प्लगची अर्थ पिन तोडली किंवा मंडपात अर्थ नसलेला बोर्ड दिला, आणि त्यात अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला, तर २३० व्होल्ट तुमच्या बोटांपर्यंत येऊ शकतात. हात तारांवर आणि ओठ माइकला असले तर तो झटका जिवावर बेततो. गणपतीचा मंडप असो, कॉलेजचा महोत्सव असो की गोव्यातलं लग्न, वायरमनकडून अर्थ तपासून घेतल्याशिवाय केबल जोडू नका. कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणून कुणी घाई केली, तरीही ठाम राहा. घूं सहन करा, पण अर्थ तोडू देऊ नका.