किल्ली कोणाच्या हातात होती?

पार्किंगला दिलेली गाडी दाराला पोचा पडून परत आली, बंपर निखळला, आरसा तुटला, अशी तक्रार घेऊन आलेल्या पक्षकाराला आपल्यापैकी बरेच वकील एका वाक्यात वाटेला लावतात: "विम्यातून करून घ्या, एवढ्याशासाठी आयोगात कुठे जाता?" हा सल्ला चुकीचा आहे. ग्राहक आयोगांत रोज उभे राहणाऱ्या आपल्या वाचकांसमोर हे स्पष्ट शब्दांत मांडायला हवे, कारण या सल्ल्याने पक्षकाराचे पैसे जातात आणि निष्काळजी पार्किंगवाला मोकळा सुटतो.

आधी हिशेब पाहू. समजा, मागचा बंपर नवा घालायला ९,००० रुपये लागतात. साध्या पॅकेज पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो, उरले ४,५००. गाडी १,५०० सीसीपर्यंतची असेल तर १,००० रुपयांची सक्तीची वजावट. मालकाच्या पदरात ३,५०० पडले. या एका क्लेमने त्याचा ५० टक्क्यांवर पोचलेला नो क्लेम बोनस पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येतो. ओन डॅमेजचा हप्ता १२,००० असेल तर पहिल्याच वर्षी ६,००० गेले, आणि पुन्हा ५० टक्क्यांवर यायला क्लेमविना पाच वर्षे काढावी लागतात. ज्याच्याकडे झिरो डेप्रिसिएशन किंवा बोनस संरक्षणाची जोड आहे त्याचे गणित वेगळे, पण ती पॉलिसी उघडून पाहिल्याशिवाय "विम्यातून घ्या" म्हणणे म्हणजे पक्षकाराला तोट्यात ढकलणे.

कापला गेलेला घसारा, वजावट, बुडालेला बोनस, गाडी दुरुस्तीला असताना झालेला रिक्षा-टॅक्सीचा खर्च, ही सगळी नुकसानभरपाईची वेगवेगळी कलमे आहेत आणि कागदांनिशी मागता येतात. आमच्याकडे अभिप्रायासाठी येणाऱ्या मसुद्यांत ती फारशी दिसत नाहीत. दुरुस्तीचे बिल असते आणि मानसिक त्रासापोटी एक गोल आकडा असतो. त्या गोल आकड्याला आयोग कात्री लावतो, आणि मग आपणच म्हणतो की या प्रकरणांत काही मिळत नाही.

दुसरी मोठी शक्ती वाया जाते ती पावतीवरच्या एका ओळीशी भांडण्यात. "वाहन मालकाच्या जोखमीवर" ही ओळ कशी अन्यायकारक आहे यावर आपण पानेच्या पाने लिहितो. व्हॅले पार्किंगपुरता हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी, ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या निकालात सोडवलेला आहे. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दिल्लीतल्या त्या हॉटेलात आलेल्या ग्राहकाने आपल्या मारुती झेनची किल्ली व्हॅलेकडे दिली. हॉटेलात आलेल्या तिघांपैकी एकाने तीच किल्ली उचलली आणि सुरक्षारक्षक अडवत असताना गाडी पळवली. विमा कंपनीने २,८०,००० रुपये दिले आणि ग्राहकासोबत हॉटेलविरुद्ध तक्रार केली. पावतीवर अर्थातच सगळी जोखीम पाहुण्याची होती.

न्यायालयाने सांगितले की किल्ली आणि गाडीचा ताबा दिला की करार अधिनियम, १८७२ प्रमाणे बेलमेंट होते, आणि स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला छापील अटीने झटकता येत नाही. पार्किंगचे वेगळे पैसे घेतले नाहीत हा बचावही टिकला नाही. आपल्या कामाच्या दृष्टीने त्या निकालातला सर्वांत मोलाचा भाग पुराव्याच्या क्रमाचा आहे. कलम १५१ मध्ये सांगितलेली काळजी, म्हणजे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी, आपण घेतली हे आधी हॉटेलने सिद्ध करायचे. ते झाल्यावरच सूट देणाऱ्या अटीकडे पाहायचे. तक्रारदाराने निष्काळजीपणा कसा घडला हे शोधून काढायचे नाही. गाडी धड दिली आणि मोडकी परत आली, एवढे दाखवले की बोलायची पाळी समोरच्याची.

म्हणून अटीवर एक परिच्छेद पुरे. उलट त्या भरात अट "अनुचित करार" म्हणून रद्द करा अशी मागणी जिल्हा आयोगात केली, तर सामनेवाले अधिकारक्षेत्राची हरकत घेतील, कारण २०१९ च्या कायद्याने अनुचित करारांविरुद्धच्या तक्रारी राज्य आयोगाकडे सोपवल्या आहेत. सेवेतील त्रुटी एवढीच भूमिका घेतली की ही अडचण येत नाही.

खरी लढाई दोन गोष्टींवर असते: ताबा कोणाकडे होता आणि ताबा देताना गाडी कशी होती. व्हॅलेची पावती हातात घेऊन नीट पाहा. बहुतेक ठिकाणी तिचे तीन तुकडे असतात: एक काचेवर, एक किल्लीला, एक ग्राहकाकडे. पुष्कळ पावत्यांच्या मागे गाडीची छोटी आकृती छापलेली असते, आधीचे ओरखडे आणि पोचे त्यावर खुणेने दाखवण्यासाठी. ही आकृती जवळजवळ नेहमी कोरी असते. गर्दीच्या वेळी व्हॅलेला ती भरायला सवड नसते. ही कोरी आकृती आपल्या पक्षकाराचा पहिला साक्षीदार आहे: गाडी घेताना तुमच्याच माणसाने एकही खूण केली नाही, मग "पोचा आधीचाच होता" हे आता कशावरून म्हणता? पावती मात्र परत देताना मागून घेतली जाते. म्हणून गाडी हलवण्यापूर्वी पावतीच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, हे पक्षकारांना सांगून ठेवायला हवे.

फोटो कसे काढायचे हेही सांगावे लागते. खांबांना पिवळे-काळे पट्टे असतात. बंपर त्यांना घासला तर पिवळा रंग ओरखड्यात उतरतो आणि गाडीचा रंग खांबावर. दोन्हींचे फोटो मोजपट्टी लावून, जमिनीपासूनची उंची दिसेल असे काढले, तर सर्व्हेअरला अर्ध्या तासाच्या युक्तिवादापेक्षा जास्त कळते. ओरखड्यात गंज किंवा बसलेली धूळ दिसली तर नुकसान जुने आहे, आणि अशी तक्रार आपण घेऊ नये. जुना पोचा नव्या पावतीवर खपवू पाहणारे पक्षकार असतात, आणि त्यांच्यामुळे खऱ्या तक्रारदारांकडे संशयाने पाहिले जाते.

सीसीटीव्हीचे चित्रण थोड्या दिवसांत पुसले जाऊन त्यावर नवे चढते. त्यामुळे नोटीस महिन्याने पाठवण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी, पक्षकाराच्या फोनवरून का होईना, अमुक वेळेचे चित्रण जपून ठेवा असा लेखी मजकूर गेला पाहिजे. चित्रण मिळाले तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र सोबत मागावे. मिळाले नाही, तर आपल्या राज्यातलाच जुना निकाल हाताशी आहे. कल्याणजवळच्या हाजी मलंग दर्ग्याच्या वादातून आलेल्या गोपाळ कृष्णाजी केतकर प्रकरणात, १९६८ साली, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सर्वांत चांगला पुरावा ज्याच्या हाती आहे त्याने तो दडवला, तर सिद्धतेचा भार त्याच्यावर नसला तरी प्रतिकूल अनुमान निघते. इथे तर भारही त्याच्यावरच आहे.

लेखी उत्तर येण्याआधीच गाडी हलवणाऱ्या व्हॅलेचा परवाना सादर करा असा अर्ज द्यावा. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती गाडी देणे ही काळजी नव्हेच. शिवाय गाडी परवाना नसलेल्याने चालवली म्हणून विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि तसे झाले तर नुकसानीचा पूर्ण आकडा पार्किंगवाल्याकडे वळतो. व्हॅलेने गाडी पार्किंगऐवजी स्वतःच्या कामासाठी फिरवली असेल तर कलम १५४ लावा. ठरल्याबाहेरचा वापर झाला की त्या वापरात झालेल्या नुकसानीला बेली जबाबदार, मग त्याने कितीही काळजी घेतली असो. हे कलम आपल्या तक्रारींत क्वचितच दिसते.

जागेवर काय घडते याबद्दलही लिहिले पाहिजे. व्यवस्थापक दोन हजार रुपये पुढे करतो आणि "काही तक्रार नाही" अशा कागदावर सही मागतो; सही नाही तर गाडी नाही, असेही काही जण म्हणतात. गाडी अडवून ठेवायचा हा हक्क त्यांना नाही. कलम १७० मधला धारणाधिकार वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला आहे. गाडी नुसती उभी ठेवणे त्यात बसत नाही. सही मात्र फार घातक. ती केली की पक्षकाराचा हक्क जातोच, शिवाय पुढे क्लेम घ्यायचा ठरवला तर विमा कंपनीच्या वसुलीच्या हक्कालाही बाधा येते आणि कंपनी त्यावर बोट ठेवते. क्लेम घेतला असेल तर विमा कंपनीला सहतक्रारदार करा. २०१० च्या चरण स्पिनिंग मिल्स निकालाने त्याची वाट दाखवली आहे. मॉल, रुग्णालय किंवा हॉटेल आणि त्यांचा पार्किंग कंत्राटदार, दोघांनाही पक्ष करा. तक्रार निकाली निघेपर्यंत कंत्राटदार बदललेला असतो. मुदत दोन वर्षांची आहे, पण या प्रकरणांत पहिले दोन दिवस जास्त मोलाचे.

किल्ली मालकाच्याच खिशात असेल तेव्हा वाट अवघड होते, हे मान्य करावे लागेल. समोरचे वकील १९३७ चा ॲशबी विरुद्ध टॉलहर्स्ट हा इंग्लिश निकाल काढतात: जागा वापरायची परवानगी दिली, गाडी सांभाळायला घेतली नाही. त्याला उत्तर देताना बेलमेंटचा हट्ट धरू नये. पैसे घेऊन दिलेली ती सेवा आहे, आणि दिवे बंद, उतारावर तेल सांडलेले, बाहेर पडताना पावती न तपासणे, ही त्या सेवेतील त्रुटी आहे. इथे मात्र त्रुटी आपल्यालाच दाखवावी लागते. तळघरात पाणी शिरल्याच्या तक्रारी याच गटात येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईतल्या कोणत्याही तळघर पार्किंगच्या चालकाने "पाऊस अनपेक्षित होता" म्हणणे आयोगाने ऐकून घेऊ नये, असे आम्हाला ठामपणे वाटते. पंप होता का, चालू होता का, मालकांना कळवले का, हे प्रश्न विचारावेत.

यांत्रिक पार्किंगचा प्रश्न आता दारात आला आहे. मुंबईत भुलाभाई देसाई मार्गावर २०२१ साली सार्वजनिक यांत्रिक वाहनतळ सुरू झाला, आणि पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींत पझल आणि टॉवर पार्किंग सर्रास दिसते. मालक गाडी पॅलेटवर उभी करतो, किल्ली घेऊन बाहेर येतो, आणि त्यानंतर गाडी त्याच्या हातात राहत नाही. यंत्र चालवणारा ती खाली आणेल तेव्हाच मिळते. आमच्या मते हे बेलमेंटच आहे. कलम १४९ प्रमाणे ताबा देण्यासाठी किल्ली हातात ठेवावी लागत नाही. वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात जाईल असे कोणतेही कृत्य पुरते, आणि पॅलेटवर गाडी सोडून बाहेर पडणे हे तसेच कृत्य आहे. पॅलेट वेडावाकडा थांबून छत चेपले, सेन्सरने लांब गाडी ओळखली नाही, अशा तक्रारींत देखभालीच्या नोंदवह्या आणि यंत्राची एरर नोंद पहिल्याच तारखेला मागवा. हा मुद्दा ज्यांनी जिल्हा किंवा राज्य आयोगात मांडला असेल त्यांनी आदेशाची प्रमाणित प्रत आम्हाला पाठवावी, बाजूने लागलेली असो वा विरुद्ध. पार्किंग चालकांच्या वतीने उभे राहणाऱ्या वाचकांनीही आपली बाजू कळवावी. पुढच्या अंकापासून हे आदेश तपशिलासह छापायचे ठरवले आहे.