'रास्त मूल्य' कोणी ठरवायचे?

'रास्त भाव' हा शब्द आपल्या चळवळीला नवा नाही. तो रेशन दुकानाच्या पाटीवर असतो आणि शेतकऱ्यांच्या मोर्चातील घोषणेतही असतो. दोन्ही ठिकाणी त्याचा आशय एकच : बाजार देईल ती किंमत नव्हे, तर माणसाच्या गरजेला आणि श्रमाला धरून असलेली किंमत. कंपन्यांच्या ताळेबंदात मात्र 'रास्त मूल्य' या संज्ञेचा अर्थ नेमका उलट आहे. मालमत्ता आजच्या तारखेला बाजारात रीतसर विकली तर जी किंमत येईल, किंवा एखादे देणे दुसऱ्याकडे सोपवण्यासाठी जी रक्कम मोजावी लागेल, ते तिचे रास्त मूल्य. मोठ्या भारतीय कंपन्यांना १ एप्रिल २०१६ पासून जी नवी लेखामानके लागू झाली, त्यांतील ११३ क्रमांकाच्या मानकाने ही व्याख्या घालून दिली आहे. हा विषय हिशेबनिसांचा आहे असे समजून कार्यकर्त्यांनी तो सोडून देता कामा नये. कारण वेतनाच्या वाटाघाटीत मालक जो ताळेबंद पुढे करतो, त्यातील आकडे याच व्याख्येतून घडू लागले आहेत.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मालमत्ता मूळ खरेदीच्या किमतीला दाखवण्याची जुनी पद्धत निर्दोष नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्या काळात गिरण्या आजारी आहेत हे कामगारांना पुन्हा पुन्हा ऐकवले जात होते. परंतु ज्या जमिनीवर त्या गिरण्या उभ्या होत्या तिची खरी किंमत जुन्या पद्धतीच्या ताळेबंदात दिसण्यासारखी नव्हती. पुढे २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतील पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या, तेव्हा सुमारे २,०२० कोटी रुपये आले. त्यांपैकी एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलच्या जमिनीचे ७०२ कोटी. तेव्हा संपत्तीचे आजचे मूल्य उघड व्हावे, या तत्त्वाला समाजवाद्यांनी विरोध करण्याचे कारण नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. ते मूल्य ठरवतो कोण, आणि त्याला जाब कोण विचारू शकतो?

मानकाने मूल्यमापनाच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. पहिल्या पायरीवर शेअर बाजारात रोज खरेदी-विक्री होणारे रोखे येतात; त्यांचा भाव कोणालाही पाहता येतो. दुसऱ्या पायरीवर तशाच मालमत्तेचा भाव, व्याजदर इत्यादी बाजारातील माहितीवरून हिशेब करावा लागतो. तिसऱ्या पायरीवर बाजाराचा आधारच पुरेसा नसतो. तेथे पुढील दहा-वीस वर्षांत किती उत्पन्न येईल, ते कोणत्या दराने आजच्या किमतीत आणायचे, यासंबंधी कंपनी स्वतःच गृहीतके मांडते आणि त्यांतून मूल्य काढते. गृहीत दरात एक-दोन टक्क्यांचा फरक केला तर तोट्याचा नफा होऊ शकतो. पहिल्या पायरीवर बाजार बोलतो, तिसऱ्या पायरीवर मात्र व्यवस्थापनच वादी असते आणि न्यायाधीशही तेच असते.

याचा परिणाम काय होतो हे ज्या कंपनीने जगाला दाखवले, तिची महाराष्ट्राला ओळख आहे. गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पाविरुद्ध आपल्या कार्यकर्त्यांनी लाठ्या खाल्ल्या, ती एन्रॉन. दाभोळच्या महाग विजेची चर्चा येथे पुष्कळ झाली. तिच्या अमेरिकेतील हिशेबांची तितकी झाली नाही. दीर्घ मुदतीच्या करारातून भविष्यात मिळू शकणारा नफा आजच नोंदवण्याची परवानगी तिला १९९२ साली अमेरिकन नियामकाकडून मिळाली. २००० साली घरोघरी चित्रपट पोचवण्याचा वीस वर्षांचा करार तिने केला. ती सेवा प्रायोगिक अवस्थेच्या पुढे गेली नाही आणि करार काही महिन्यांतच मोडला. तरीही त्यापोटी सुमारे ११ कोटी डॉलरचा नफा वह्यांत चढला होता. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळे काढले आणि हजारो कर्मचाऱ्यांची नोकरी व निवृत्तीची पुंजी एकदमच गेली.

देण्यांच्या बाजूला तर याहून विपरीत प्रकार घडला. कंपनीची पत घसरली की तिच्या कर्जरोख्यांचा बाजारभाव उतरतो, म्हणजे तिचे देणे कागदावर कमी होते आणि तेवढा नफा दिसतो! २००८ च्या अरिष्टात अमेरिकेतील बड्या बँकांनी असा नफा खरोखरच दाखवला. टीका झाल्यावर नवे नियम आले आणि आता असा फरक मुख्य नफ्यात न धरता सामान्यतः वेगळा दाखवावा लागतो. परंतु त्याच अरिष्टातील दुसरी गोष्टही विसरू नये. भाव चढत होते तोवर बाजारभाव हेच सत्य होते. भाव कोसळताच राजकीय दडपण आले आणि एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेत मूल्यमापनाचे नियम सैल करण्यात आले. हे नियम निसर्गाचे नव्हेत. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्या सोयीने ते वाकतात.

जमिनीच्या बाबतीत कामगाराचा थेट संबंध येतो. जेथे जमीन रास्त मूल्याने मोजली जाते, तेथे तिचा 'सर्वाधिक व सर्वोत्तम वापर' विचारात घ्यावा असे मानक सांगते. तो वापर प्रत्यक्षात शक्य, कायद्याला मान्य आणि पैशाच्या दृष्टीने परवडणारा असला की पुरे. कारखान्यापेक्षा टॉवर अधिक फायद्याचा ठरला, तर जमिनीचे मूल्य टॉवरच्या हिशेबाने लागू शकते. मग चांगला चाललेला कारखानाही एवढ्या मोठ्या मालमत्तेवर फार थोडे कमावतो असे दिसू लागते आणि तो बंद करण्याचा युक्तिवाद तयार होतो. आणि कायद्याला काय मान्य, हे तरी कोण ठरवते? गिरण्यांच्या जमिनीची तीन वाट्यांत विभागणी करणारा १९९१ चा नियम २००१ साली बदलला, आणि सार्वजनिक वाट्यांची अट गिरण्यांच्या मोकळ्या जागेपुरती उरली. लेखणीच्या एका फटकाऱ्याने मालकांच्या जमिनीचे मूल्य वाढले. त्या मूल्यात मालकाचे श्रम नव्हते. कामगाराची बुडालेली रोजी मात्र कोणत्याही ताळेबंदात देणे म्हणून नोंदली गेली नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मूल्यमापक नोंदणीकृत असावा लागतो. पण त्याची नेमणूक कंपनीची लेखापरीक्षण समिती किंवा संचालक मंडळच करते. जेथे कारखाना किंवा कामगारांचा निधी पणाला लागलेला असेल, तेथे ही नेमणूक कंपनीबाहेरच्या सार्वजनिक यंत्रणेकडे असावी. तिसऱ्या पायरीवरील गृहीतके मान्यताप्राप्त संघटनेला मराठीत लेखी मिळावीत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्यसंस्थेचे कर्तव्य म्हणून घटनेत लिहिले. ज्याला हिशेब विचारता येत नाही, त्याच्या सहभागाला काय अर्थ उरतो?

तोवर एक काम आपल्या हातात आहे. नोंदणीकृत कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघड असतात आणि तिसऱ्या पायरीवर वापरलेली पद्धत व प्रमुख गृहीतके त्यांच्या टिपांमध्ये देणे मानकानेच बंधनकारक केले आहे. प्रत्येक संघटनेने दोन तरुण कार्यकर्ते या टिपा वाचण्यासाठी तयार करावेत. वाटाघाटीच्या टेबलावर घोषणा देणाऱ्यापेक्षा हिशेबातील गृहीतकावर बोट ठेवणाऱ्याला मालक अधिक जपून उत्तर देतो.