उन्हाचे भांडवल

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आणि पूर्व टोकाला म्हसवड. एकीकडे वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, तर दुसरीकडे पाचशे मिलिमीटर पडला तरी त्या वर्षाला बरे म्हणायची रीत. सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामे झालेले ढग माणदेशावरून सरकतात ते केवळ घटकाभर सावली देण्यापुरते. माण, खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत हे तालुके याच पर्जन्यछायेत येतात. भूगोलाच्या पुस्तकात या प्रदेशाला वाळवंट म्हणत नाहीत. तथापि वैशाखात दहिवडीच्या माळावर उभ्या असलेल्या माणसाला हा फरक फारसा जाणवत नाही.

या उन्हाची नोंद आजवर नावे बाजूलाच होत आली. जगात मात्र तेच ऊन जमेला धरणारी शहरे आहेत. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फीनिक्स हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. परंतु देशाच्या उत्तर भागात बर्फ साचलेले असते, त्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत व्यावसायिक बेसबॉलचे पंधरा संघ सरावासाठी याच परिसरात मुक्काम ठोकतात. ‘कॅक्टस लीग’ या नावाने त्यांचे सामने होतात आणि प्रेक्षकांमुळे हॉटेले, भोजनगृहे व दुकाने यांना हंगाम लाभतो. जे विकत आणावे लागत नाही, ते ऊन त्या शहराने योग्य महिन्यांत वापरायला काढले.

माणदेशाकडे पंचतारांकित क्रीडानगरी नाही. त्याच्याकडे आहेत ती माणसे. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम शर्यतीत दहावे स्थान मिळवले. १९८४ साली पी. टी. उषा यांनी केलेल्या कामगिरीनंतर ऑलिंपिकमधील धावण्याच्या अंतिम शर्यतीत वैयक्तिक प्रवेश मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. ज्या तालुक्यात टँकरची वाट पाहणे हा उन्हाळ्याचा नित्यक्रम होता, त्या तालुक्याच्या लेकीने पाण्यावरून उडी घेण्याच्या खेळात नाव कमवावे, हा योग विलक्षणच.

आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांचा डावा हात बालपणीच्या अपघातात अधू झाला. २०२३ व २०२४ अशी सलग दोन वर्षे ते गोळाफेकीत दिव्यांगांचे जागतिक विजेते ठरले आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर फेक करून त्यांनी रौप्यपदक आणले. फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या कुटुंबातून टोकियो ऑलिंपिकच्या तिरंदाजी मैदानापर्यंत पोहोचले. साताऱ्याच्या अदिती स्वामी हिने २०२३ साली बर्लिन येथे वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीचे जागतिक विजेतेपद मिळवले. यांपैकी कोणाचीही सुरुवात मोठ्या शहरातून झाली नाही. मोकळी जागा, लख्ख प्रकाश आणि वर्षातील बहुतेक दिवस कोरडे मैदान एवढे मात्र या मुलखाने सर्वांना विनामूल्य दिले.

पर्यटनाच्या दृष्टीनेही हा भाग उपेक्षणीय नाही. कडेगाव, पलूस व वाळवा तालुक्यांच्या सीमेवरील सागरेश्वर अभयारण्य हे उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी उभे केलेले जंगल आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून ते आकारास आले आणि १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे पावणेअकरा चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात आज सांबर, चितळ, काळवीट दिसतात. जवळच कुंडलचे झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ आहेत. दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांसह अभयारण्याची पायवाटही चालून पाहावी. मायणीचा पक्ष्यांचा तलाव, ब्रिटिशकालीन राजेवाडी तलाव आणि खरसुंडीच्या यात्रेतील खिलार जनावरांचा बाजार ही हिवाळ्यातील सहलीची उत्तम ठिकाणे होत. जैसलमेरची वाळू पाहण्यासाठी हजारो रुपये खर्च करणाऱ्या घरांतील कित्येक मुलांनी शंभर किलोमीटरवरचा हा माळ पाहिलेला नसतो.

उन्हाचा उपयोग करायचा तर त्याचा धाकही बाळगला पाहिजे. फीनिक्समध्ये तीव्र उष्म्याचा इशारा असलेल्या दिवशी तेथील काही प्रसिद्ध डोंगरवाटा भर दुपारी बंद ठेवतात. आपल्याकडे असा नियम प्रत्येक घराने स्वतःपुरता करावा. मार्च ते मे या काळात सराव सकाळी नऊपूर्वी आटोपावा. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या कुटुंबांनाही सकाळचीच वेळ सोयीची ठरते. नव्याने उन्हात उतरणाऱ्या शरीराला जुळवून घेण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात श्रम निम्मे ठेवावेत. उपवास किंवा एकासणे असेल त्या दिवशी कठोर सराव टाळावा. चक्कर, मळमळ किंवा बोलण्यात असंबद्धता दिसताच खेळाडूस सावलीत नेऊन अंगावर गार पाणी घालावे व विनाविलंब डॉक्टर गाठावा.

खरा प्रश्न मैदानांच्या जोपासनेचा आहे. व्यापारी समाजाला दानाची परंपरा नवीन नाही. विटा-आटपाडी परिसरातील गलाई व्यावसायिक भारतभर सोन्याचांदीच्या पेठांत पसरले, पण गावच्या यात्रेतील कुस्तीच्या मैदानाला त्यांनी हात आखडता घेतला नाही. म्हसवडला १९९७ साली महिलांची सहकारी बँक स्थापन करणाऱ्या माणदेशी परिवाराने पुढे त्याच गावात ग्रामीण मुलामुलींसाठी क्रीडा प्रशिक्षणही सुरू केले. अशा कामाला मिळणारी देणगी बहुधा कोनशिलेसाठी असते. भिंत, प्रवेशद्वार, प्रेक्षागृह यांना दाता लाभतो. धावपट्टीवर पाणी मारणाऱ्या माणसाचा पगार, तुटलेल्या जाळीची दुरुस्ती, मुलींच्या स्वच्छतागृहाची निगा यांवर कोणाचे नाव कोरता येत नाही, म्हणून त्यांना दाता लाभत नाही. पाच वर्षांत मैदानावर कुसळे उगवतात आणि प्रवेशद्वार तेवढे शाबूत राहते. स्वच्छतागृहाचे दार मोडले की सर्वांत आधी मुली मैदानावर येणे थांबवतात.

व्यापारी माणूस दुकान थाटताना खेळते भांडवल बाजूला ठेवतो. दान देताना तोच हिशेब का विसरावा? समजा, दहा कुटुंबांनी प्रत्येकी एक लाख रुपये एकत्र करून एखाद्या नोंदणीकृत न्यासाच्या नावे दहा लाखांची ठेव ठेवली. सात टक्के दराने वर्षाला ७०,००० रुपये व्याज येईल. महागाईमुळे मुद्दल झिजू नये म्हणून त्यातील २०,००० पुन्हा ठेवीत मिळवावेत. उरलेल्या ५०,००० रुपयांत, म्हणजे महिन्याला चार हजारांहून थोड्या अधिक रकमेत, एका शाळेच्या मैदानाची अर्धवेळ देखभाल होऊ शकते. ठेवीची पावती, खर्चाचा ताळेबंद आणि मैदानाचे छायाचित्र वर्षातून एकदा दात्यांपुढे यावे, एवढीच अट असावी. दोन हजारांहून अधिक देणगी रोख दिल्यास आयकरातील सवलत मिळत नाही आणि नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्यास ती मुळातच नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पैशापलीकडची एक गोष्ट घरातच करण्यासारखी आहे. सांगलीच्या व साताऱ्याच्या पेठांतील अनेक घरांत नववीपर्यंत मुलगी मैदानावर दिसते. दहावीचे वर्ग सुरू झाले की तिचे बूट माळ्यावर जातात आणि सहसा पुन्हा खाली येत नाहीत. मुलगा असल्यास संध्याकाळी गल्ल्यावर बसण्याची सवय त्याच सुमारास लागते. सकाळचा एक तास दोघांसाठीही राखून ठेवल्याने ना गुण घटतात, ना गिऱ्हाईक परतते. शालेय वर्ष सुरू होण्यापूर्वी शिकवणीचे वेळापत्रक ठरते, त्याच कागदावर पहिली ओळ मैदानाच्या तासाची लिहावी आणि मगच उरलेल्या वेळा भराव्यात.