भाषेला दंडुका, इमारतीला माफी

काल्पनिक देश रचण्याचा छंद मोठा गोड आहे. दिवाळीच्या सुटीत मुले चित्रकलेच्या वहीत नकाशे काढतात. रस्ते सरळ, चौकाचौकांत बागा, नदीवर पूल, आणि त्या देशातल्या माणसांसाठी एक नवी कोरी भाषाही! त्या देशात कोणी पोटभाडेकरू नसतो आणि व्याकरण कोणी मोडत नाही. मुलांचे हे चालायचेच. पण हाच छंद मोठ्यांना जडतो, तेव्हा दोन शब्द कठोरपणे बोलणे भाग पडते.

डॉ. झामेनहॉफ यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८५९ साली बियालिस्तोक येथे झाला. ते गाव आमच्या भिवंडीसारखेच कापडाचे, आणि पोलिश, रशियन, जर्मन, यिडिश अशा चार भाषा बोलणारे. भांडणाचे मूळ या भाषाभेदात आहे असे मानून त्यांनी १८८७ साली एस्परांतो ही नवी भाषा जगापुढे ठेवली. हेतू थोर होता, यात शंका नाही. पण भिवंडीने हा प्रश्न कोणा डॉक्टरला न विचारताच सोडवून टाकला.

इथल्या कोकणी मुसलमानांची घरची बोली मराठीच्या कुळातली. आसपासच्या गावांत आगरी. १८५७ नंतर उत्तरेतून मोमीन विणकर आपली बोली आणि उर्दू घेऊन आले. पुढे तेलंगणातून पद्मशाली तेलुगू घेऊन आले. या सर्वांना एकाच छपराखाली, यंत्रांच्या खडखडाटात, ओरडून बोलायचे होते. ‘बीम नाही आया, तो आज खाडा लागेल’ अशा थाटाचे वाक्य इथे सर्वांना समजते. त्यात बीम इंग्रजांचा, खाडा मराठीचा आणि पोटाची काळजी सर्वांची! मुकादमाला ते कळले, कांडी भरणाऱ्या पोराला कळले, काम पुढे चालू झाले.

पंडित म्हणतील, ही क्रिओल नव्हे. कबूल. कामापुरती जुळवलेली मिश्र बोली मुलांची मातृभाषा होऊन बसते, तेव्हा तिला ते क्रिओल म्हणतात. पण अशी खरी क्रिओलसुद्धा आपल्या महाराष्ट्रात आहे. रायगड जिल्ह्यातल्या कोर्लई गावच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली भाषा बोलतात. पोर्तुगीज १७४० साली तिथून गेले. भाषा मात्र राहिली. तिला ना राजाश्रय होता, ना शाळा. हैतीच्या क्रिओलला तर १९८७ च्या राज्यघटनेने राजभाषेचा मान दिला.

तरीही आमच्या गावच्या बोलीला दोन्हीकडून मार. शुद्ध मराठीवाले तिला बाटलेली म्हणतात, अस्सल उर्दूवाले बिघडलेली म्हणतात. अहो, पगार, चावी, बटाटा हे शब्द पोर्तुगिजांकडून घेताना आपली भाषा बाटली नाही, ती आता खाड्याने आणि बीमने कशी बाटेल? एक बोली झाली म्हणजे माणसे एकदिल होतात, असा माझा दावा नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी तो भ्रम केव्हाच पुसून टाकला. पण त्या दंगली मिश्र बोलीने पेटवल्या नव्हत्या, हेही तितकेच खरे.

आता गावाकडे पाहा. बोलीवर एवढी करडी नजर ठेवणारे आपण, भिंतींच्या बाबतीत मात्र कमालीचे उदार! मजल्यावर मजला चढतो, कारखान्याला लागून बिऱ्हाड उभे राहते, कामवारीचा प्रवाह आक्रसतो, आणि सारे ‘चालायचेच’. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे जिलानी इमारत कोसळली आणि झोपेतली माणसे गाडली गेली. मृतांची संख्या चाळीसच्या घरात गेली. २९ एप्रिल २०२३ रोजी वळ गावात वर्धमान कंपाउंडमधली इमारत पडली. पुन्हा माणसे गेली. वाक्यातला कर्ता चुकला तर कोणी मरत नाही. खांबातले लोखंड चुकले तर घर मरते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की आपण नियम चुकीच्या जागी लावला आहे. भाषेला हवी ती मोकळीक आपण इमारतीला दिली आणि इमारतीला हवा तो जाच भाषेला केला.

आणि इमारतीला शिस्त लावायची, तर त्या ‘बाटलेल्या’ बोलीवाचून ती लागायची नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याने विकास आराखड्यावर हरकत घेण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. मुंबईत २०१५ साली आराखडा निघाला, तेव्हा लोकांनी त्यातल्या चुकांवर बोट ठेवले आणि तो मागे घेऊन सुधारावा लागला. का? तर तो वाचू शकणारी माणसे तिथे होती. भिवंडीच्या कामगाराला सूचनेतला ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ वाचून दाखवा. तो घरी जाऊन चटई झटकील! त्यालाच त्याच्या बोलीत सांगा, की तुझ्या खोलीवरून रस्ता जाणार आहे, या भिंतीवर आणखी मजला चढवला तर ती खाली येईल, आणि हरकत या तारखेच्या आत द्यायची. मग पाहा, तो काय काय विचारतो ते.

आराखडा कचेरीच्या फळ्यावर डकवून भागणार नाही. तो नाक्यावर, कारखान्याच्या दारात, पाळी सुटताना मोठ्याने वाचला पाहिजे, आणि वाचणाऱ्याने व्याकरणाची फिकीर करता कामा नये. हे होत नाही तोवर तो नकाशा सुटीतल्या मुलाच्या वहीतलाच समजावा. फरक एवढाच, की त्या मुलाच्या देशात खरी माणसे राहत नाहीत.