नव्या संघप्रमुखाला वेळ द्या

नव्या हंगामाच्या तोंडावर शर्यत संघाचा प्रमुख बदलणे म्हणजे निव्वळ धूळफेक, असे मत गेल्या अंकातील वाचकपत्रात मांडले आहे. ते पटणारे नाही. फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतीतील, मुंबईच्या महिंद्रा समूहाच्या संघाचाच दाखला पाहावा.

2014 पासून धुरा सांभाळणारे दिलबाग गिल 2022 च्या अखेरीस पायउतार झाले, फ्रेडरिक बर्ट्रांड आले. जानेवारीत हंगाम सुरूही झाला. गाडी अर्थातच आधीच्या कारभारात घडलेली. फेब्रुवारी 2023 मध्ये केपटाउनला मागच्या सस्पेन्शनबद्दल सुरक्षेची शंका आली आणि संघाने शर्यतीतून माघार घेतली. हंगामाअखेर 11 संघांत 10 वा क्रमांक!

पण तेवढ्यावरून निकाल देणे अन्यायाचे ठरेल. या स्पर्धेत मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स यांचा आराखडा दोन हंगामांसाठी गोठवला जातो. मधल्या काळात सुधारणा होते ती मुख्यतः सॉफ्टवेअरमध्ये. नवी यंत्रणा उतरवण्याची संधी बर्ट्रांड यांना मिळाली 2024-25 च्या हंगामात. त्या वर्षी महिंद्रा चौथा आला.

फॉर्म्युला वनमध्येही मॅक्लारेनने डिसेंबर 2022 मध्ये आंद्रेआ स्टेला यांना नेमले. 2023 ची सुरुवात रडतखडत झाली. 2024 मध्ये मात्र 26 वर्षांनी संघांचे विजेतेपद हाती आले.

तेव्हा क्रीडारसिकांनी नव्या प्रमुखाला निदान दोन हंगाम द्यावेत आणि मगच त्याचा हिशेब मागावा.

— एक वाचक, व्हाइटफील्ड, बेंगळुरू