लेफ्ट आउट बलराम

परवा संध्याकाळी आमखास मैदानावर पोरांचा फुटबॉल बघत उभा होतो. डाव्या रेषेला धरून एक सडपातळ मुलगा एकसारखा धावत होता आणि चेंडू काही केल्या त्याच्याकडे येत नव्हता. जुने लोक या जागेला ‘लेफ्ट आउट’ म्हणायचे. मला भारताचा जुना लेफ्ट आउट तुलसीदास बलराम आठवला.

बलराम १९३६ चा, सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा. तेव्हा आमचं औरंगाबाद आणि सिकंदराबाद एकाच निजामी राज्यात होती. ते राज्य भारतात आणणारी पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा हा पोरगा बारा वर्षांचाही नव्हता. हैदराबादचा फुटबॉल म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्या तालमीतल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स चषक नेला. बलरामला घडवलं ते याच रहीम साहेबांनी.

त्याच सुमारास जर्मनीत हेल्मुट रान नावाचा राइट आउट होता, एसेन या कोळसा खाणींच्या शहरातला. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ८४ व्या मिनिटाला त्याने डाव्या पायाने गोल केला आणि बलाढ्य हंगेरी २-३ अशी हरली. युद्धाने खचलेला तो देश त्या गोलने उठून उभा राहिला, असं जर्मन लोक आजही मानतात. एसेनमध्ये रानचा पुतळा आहे.

त्याच हंगेरीशी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताची पहिली गाठ पडायची होती. पण तिकडे उठाव झाला, त्यांच्या फुटबॉल संघाने माघार घेतली आणि आपण थेट उपांत्यपूर्व फेरीत गेलो. १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला होता. बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्यातले तीन गोल मूळच्या गोव्याच्या, मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाचे. प्रशिक्षक रहीम साहेब, आणि संघात वीस वर्षांचा बलराम. आपलं जुनं राज्य आणि नवं राज्य त्या दिवशी एकाच संघातून खेळत होतं. ही जुळणी मला फार मोलाची वाटते, आणि आपल्याकडे ती कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

हंगेरी बलरामला भेटली ती १९६० मध्ये, रोमला. आपण १-२ असे हरलो; आपला एकमेव गोल बलरामचा. १९६२ मध्ये जकार्त्याला आशियाई सुवर्णपदक मिळालं, त्याच वर्षी बलरामला अर्जुन पुरस्कारही. प्रदीपकुमार बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम ही त्रयी तेव्हा देशभर गाजत होती. पण आजारपणामुळे १९६३ मध्येच, तिशीच्या आत, त्याचा खेळ थांबला. पुढे बॅनर्जी आणि गोस्वामी यांना पद्मश्री मिळाली, बलरामला नाही. हा अन्यायच होता. १६ फेब्रुवारी २०२३ ला कोलकात्यात तो गेला, तेव्हा ८६ वर्षांचा होता.

आपल्या शहरात शालेय फुटबॉल भरवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. रानसारखा पुतळा मी मागत नाही; स्पर्धेतल्या सर्वोत्तम लेफ्ट आउटसाठी एक साधा चषक ठेवा आणि त्याला तुलसीदास बलरामचं नाव द्या.